खुडूक

कोंबडी आमच्या घरी आली ती रविवारी कापायची म्हणून. माझी बायको वरठीपासून जरा आडबाजूच्या एका खेड्यात, आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. तिथल्या एका बाईचं अडलेलं बाळंतपण तिनं निभावून नेलं. त्या घरच्यांनी पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी तिच्या स्कुटीला लटकवून दिली.

"नाई म्हटलं तरी आयकून नाई राहिले," दारात स्कुटी लावत ती म्हणाली. "सोडा आता तुमीच तिले."

मी कोंबडीचे पाय सोडले. त्या हिवाळ्यात घरात जे काही सोडायचं, बांधायचं, भरायचं, धुवायचं असेल ते मीच करत होतो, कारण मी घरी होतो. कारखान्यात मी ठेकेदाराच्या माणसांत होतो. दिवाळीनंतर आमच्यातल्या काहींचे गेटपास पुन्हा बनले नाहीत. "काम आलं की बोलावतो," ठेकेदार म्हणाला. सुरुवातीचे काही दिवस मी अंघोळ करून, डोक्याला तेल लावून बोलावण्याची वाट पाहत बसायचो. मग तेल लावणं सुटलं.

घर बायकोच्या पगारावर चालत होतं आणि त्याबद्दल तिनं तोंडातून एक शब्द काढला नाही. तिनं बोलून टाकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. आमचं भाड्याचं घर कारखान्याच्या रस्त्यापासून आत दुसऱ्या गल्लीत. पहिल्या पाळीची माणसं सायकली, मोटरसायकली घेऊन गल्लीतून जायची तेव्हा मी दार लोटून आत बसायचो. आवाजावरून कोण गेलं ते कळायचं. कपडे धुतल्यावर माझे आणि पोरीचे बाहेरच्या दोरीवर टाकायचो. बायकोचे मात्र आतल्या खोलीत, दोन खिळ्यांना सुतळी बांधून वाळवायचो. बाईचं लुगडं पिळून दोरीवर टाकणारा माणूस गल्लीनं पाहू नये, एवढीच माझी धडपड होती. ओलसर वास घरभर राहायचा. बायकोला तो यायचा, पण तीही काही बोलायची नाही.

शनिवारी कोंबडीनं पलंगाखाली जुन्या कपड्यांच्या गाठोड्यावर अंडं घातलं. पोरगी म्हणाली, आता कापू नका. पोरगी तेव्हा नववीत होती, आमची एकुलती एक. मग कोंबडी राहिली. रोज एक अंडं, मध्ये एखादा दिवस खाडा, असं चाललं. आणि एके दिवशी ती गाठोड्यावरून उठेनाच. पिसं फुलवून बसली, हात लावला की चोच मारायची आणि घशातल्या घशात खुडुक खुडुक करायची.

"खुडूक झाली हे," बायको वाकून पाहत म्हणाली. "बसवून द्या तिले अंड्यावर."

"कोंबडा कुठी आहे? हिच्या अंड्यातून काय निघन?"

"चौकापलीकडच्या वहिनीकडे आहे ना कोंबडा. तिच्याकडून मांगून आना अंडी. मले कुठी वेळ आहे? तुमी तर घरीच असता."

ती सहज बोलली. डबा भरत होती, माझ्याकडे पाहतही नव्हती. पण ते 'घरीच असता' दिवसभर माझ्या कानात राहिलं.

चौकापलीकडे, बुद्धविहाराच्या मागच्या बाजूला त्या वहिनीचं घर. तिचा नवरा रेल्वेत गँगमन. मी गेलो तेव्हा दुपार होती आणि दुपारी गल्लीत फक्त बायका असतात, हे मला तिथं पोचल्यावर उमगलं. ओट्यावर चार-पाच जणी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हातात बायकोचा स्टीलचा डबा धरून उभा.

"काय जी भाऊजी, आज सुट्टी का?" वहिनीनं विचारलं.

"हो. सुट्टी."

"रोजच सुट्टी दिसते बाप्पा यांले," मागून एक जण म्हणाली आणि बाकीच्या पदराआड हसल्या.

वहिनीनं तिच्याकडे डोळे वटारले. पण डोळे वटारल्यामुळे ते बोलणं जास्तच खरं झालं. मी अंड्यांचं सांगितलं तेव्हा माझी जीभ अडखळली. आयुष्यात मी कधी बायकांसमोर अंडी मागितली नव्हती. वहिनीनं आत जाऊन ताजी ताजी निवडून डझनभर अंडी आणली आणि डब्यात कोंडा घालून त्यात एक एक ठेवली. परत येताना चौकात पानठेल्यावरच्या एकानं हाक मारली, "ड्युटीवर का?" माझ्या हातात डबा होता. मी "हो" म्हणालो आणि गल्लीत शिरेपर्यंत कामावर निघालेल्या माणसासारखा ताठ चाललो.

टोपल्यात भाताची तणस अंथरली, अंडी मांडली, कोंबडी वर बसवली. तिनं चोचीनं एक एक अंडं पोटाखाली ओढून घेतलं आणि पंख पसरले. तीन आठवडे ती तशी बसून होती आणि मीही. ती दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची, विष्ठा टाकायची आणि घाईघाईनं परत जायची. ती उठली की मी अंड्यांवर हात ठेवून पाहायचो. अंगात ताप असलेल्या लेकराच्या कपाळासारखी ती लागायची. मधल्या खोलीत अंधार करून बॅटरीवर अंडं धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसायचं आणि मध्ये एक ठिपका हलायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. चाळिशीच्या माणसानं दिवसाढवळ्या घरात अंधार करून अंडी पाहत बसावं, हे सांगण्यासारखं नव्हतं.

पिल्लं निघाली त्या दिवशी संध्याकाळी पोरगी शाळेतून आली आणि दप्तर पाठीवर असतानाच टोपल्याशी बसली. पिवळी, काळी, बदामी पिल्लं कोंबडीच्या पंखांतून डोकी काढत होती. दोन अंडी फुटली नव्हती, बाकी सगळ्यांतून पिल्लं निघाली होती. "बाबा, तुमी केलं हे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "कोंबडीनं केलं." पण मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत काही केल्यासारखं वाटलं.

ते बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. मागच्या अंगणात कोंबडी पिल्लांना माती उकरून दाखवत होती. मी अंघोळीला गेलो होतो. तिचा ओरडा ऐकून टॉवेलवरच धावलो तर रेल्वेच्या बाजूच्या झुडपांतून आलेलं मुंगूस तिच्या मानेला धरून होतं. मी लाकूड फेकलं. मुंगूस पळालं, पण कोंबडी पंख फडफडवत तिथंच गोल फिरली आणि पडली. पिल्लं कुंपणाच्या काट्यांत, नळाच्या खड्ड्यात, जिथं जागा मिळाली तिथं लपली होती. एकेक शोधून काढता काढता टॉवेल काट्यात अडकला. तेवढ्यात शेजारच्या आजीनं भिंतीवरून डोकावून "काय झालं वो?" म्हणून विचारलं आणि मला पाहून "अगं बाई!" म्हणत खाली बसली. आता हसायला येतं. तेव्हा मला जमिनीत शिरावंसं वाटलं होतं.

आई नसलेल्या पिल्लांना ऊब लागते. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब सोडला. पण ते लोडशेडिंगचे दिवस, वीज सकाळीच जायची आणि कधी येईल याचा भरवसा नसायचा. वीज गेली की पिल्लं एकमेकांवर चढायची आणि किंचाळायची. पहिल्या दिवशी एक पिल्लू खाली दबून मेलं. दुसऱ्या दिवशी वीज गेली तेव्हा मी स्वेटरखाली, बनियनच्या वर सगळी पिल्लं घेतली आणि पलंगावर टेकून बसलो. क्षणात शांत. नखांच्या बारीक ओरखड्यांनी पोट हुळहुळत होतं. थोड्या वेळानं त्यांचा झोपेतला आवाज येऊ लागला, बारीक, लांबट, पाण्यातून आल्यासारखा. मी हललो नाही. जेवणही केलं नाही.

त्यांना खायला शिकवणं हे कोंबडीचं काम. ते मी करू लागलो. कणी जमिनीवर टाकून बोटानं टकटक करायचं आणि घशातून तोच आवाज काढायचा, खुडुक खुडुक. जुन्या ओंडक्याखाली उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. ओंडका उलटवून आवाज काढला की पिल्लं चहूबाजूंनी धावत येऊन पांढरी उधई टिपायची. हळूहळू असं झालं की मी उठलो की ती उठायची, मी नळावर गेलो की नळावर, दारात गेलो की दारात. संडासाच्या दाराबाहेर रांगेनं बसून ओरडायची. आतून आवाज द्यावा लागायचा, तेव्हा गप्प व्हायची.

अशातच एके दिवशी माझ्या पाळीतले दोन जुने जोडीदार मोटरसायकलवर आले. लोटलेलं दार ढकलून थेट आत. वीज गेलेली होती आणि मी स्वेटर फुगवून पलंगावर बसलेला.

"काय गा, तब्येत बरी नाई का?" एकानं विचारलं. "पोट फुगलं वाटते."

"थंडी वाजून राहिली," मी म्हणालो.

"फागुन लागून राहिला अन् तुले थंडी?"

तेवढ्यात माझ्या छातीतून चिवचिवाट झाला. दोघं एकमेकांकडे पाहू लागले. मग गळ्यातून एका काळ्या पिल्लानं डोकं बाहेर काढलं. ते दोघं इतके हसले की एकाला खाली बसावं लागलं. मीही हसलो. हसण्याशिवाय काय करणार? डोळ्यांतलं पाणी पुसत एक जण म्हणाला, "बाप्पा, हा तर खुडूक झाला!"

ते सांगायला आले होते की पावसाळ्यापर्यंत तरी ठेकेदाराकडे काही नाही, आशा ठेवू नको. ते त्यांनी सांगितलं आणि गेले. दुसऱ्या दिवसापर्यंत नाव पानठेल्यावर पोचलं. तिसऱ्या दिवशी पहिली पाळी गल्लीतून जाताना लोटलेल्या दाराबाहेर कोणीतरी सायकलवरून खुडुक खुडुक केलं आणि पाचसहा जण हसत गेले. बायको पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

"मनावर नका घेऊ," ती म्हणाली.

"मी कायले घेऊ?" मी म्हणालो. पण कान तापले होते, आणि तिनं ते ऐकलं याची लाज त्या नावाच्या लाजेपेक्षा मोठी होती.

पोरीचं मात्र मला माहीत नव्हतं. ते असं कळलं. एके संध्याकाळी पिल्लं फाटकातून गल्लीत निघाली म्हणून मी त्यांच्या मागं बाहेर आलो. खरं तर मी पुढं झालो आणि ती माझ्या मागं लागली. हातात कणीची वाटी, तोंडानं आवाज. समोरून पोरगी मैत्रिणींसोबत सायकली ढकलत येत होती. तिनं मला पाहिलं. मैत्रिणींनीही पाहिलं आणि एकीनं तोंडावर हात ठेवला. माझी पोरगी आमच्या फाटकासमोरून सरळ पुढं निघून गेली. वळून पाहिलं नाही. जसं काही ते घर तिचं नव्हतं आणि तो माणूस तिचा कोणी नव्हता. मैत्रिणींना तिचं घर माहीत नसावं.

अर्ध्या तासानं ती एकटी परत आली. "उशीर झाला?" मी विचारलं. "दुकानात गेलती," ती म्हणाली. हातात काही नव्हतं. मी चहा टाकला. ती पुस्तक उघडून बसली. आम्ही दोघंही एकमेकांकडे न पाहता बशीतून चहा प्यालो.

मी तिच्यावर रागावलो नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही पुढं निघून गेलो असतो. पण त्या रात्री ठरवलं, ही पिल्लं घरातून काढायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लं खोक्यात भरून, वरून सुतळी बांधून मी चौकापलीकडच्या वहिनीकडे गेलो. तिच्याकडे एका कोंबडीखाली बारीक पिल्लं होती. "ठेवून घ्या वहिनी. तुमचीच अंडी होती," मी म्हणालो.

"काहून? चांगली तर वाढून राहिली."

"कामाचं जमून राहिलं," मी खोटं बोललो.

तिनं पिल्लं कोंबडीजवळ सोडली. कोंबडीनं मान वर केली, एकदा पाहिलं आणि पहिल्याच पिल्लाच्या डोक्यात चोच मारली. वहिनी मध्ये हात घालेपर्यंत दुसरी, तिसरी. ते बदामी पिल्लू पाय ताणून पडलं. बाकीची सैरावैरा धावली आणि माझ्या चपलांवर येऊन चढली, पँटच्या कडेत तोंडं खुपसू लागली.

"नाई घेत भाऊजी ते," वहिनी हळूच म्हणाली. "यायची माय तुमीच आहा आता." ती चेष्टा करत नव्हती. म्हणूनच मला तिच्या तोंडाकडे पाहवेना.

मी उरलेली पिल्लं खोक्यात भरली आणि निघालो. घाईत खोक्याच्या बुडाकडे लक्षच गेलं नाही. आत पाण्याची वाटी सांडली होती, त्यात विष्ठेची ओल. चौकाच्या ऐन मध्यावर आलो आणि बूड निसटलं. पिल्लं डांबरी रस्त्यावर पडली. आणि त्याच वेळी पहिली पाळी सुटलेली. कारखान्याकडून मोटरसायकलींचा आणि सायकलींचा लोंढा येत होता.

मी वाकून एक पकडलं तर चार सुटली. हातात धरली ती ओरडू लागली, त्यानं बाकीची आणखी भेदरली. एक चाकाखाली जाता जाता राहिलं. एकच उपाय होता आणि तो मला माहीत होता. मी हातातली पिल्लंही खाली सोडली. सरळ उभा राहिलो. आणि भर चौकात, ज्यांच्याबरोबर मी इतकी वर्षं डबा खाल्ला त्या सगळ्यांसमोर, तोंड उघडून आवाज काढला. खुडुक खुडुक. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं काढला.

पिल्लं आली. चाकांमधून, पायांमधून आली आणि माझ्या मागं लागली. आता मला पळता येत नव्हतं. पळालो असतो तर ती मागं राहिली असती. पिल्लांच्या चालीनंच चालायचं होतं, एक पाऊल टाकायचं, थांबायचं, आवाज द्यायचा. ब्रेक लागले. गाड्या थांबल्या. कोणीतरी "ए खुडूक!" ओरडलं आणि अख्खा चौक हसला. हॉर्न वाजू लागले. मी खाली पाहत चालत होतो. माझ्या चपलेच्या पट्ट्याचा तुटलेला टाका मला अजून आठवतो, इतकं मी खाली पाहत होतो.

एक मोटरसायकल बाजूनं घुसायला लागली. तेवढ्यात तिच्यासमोर एक सायकल आडवी झाली. मी चाक पाहिलं, मग निळा स्कर्ट पाहिला. माझी पोरगी. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती, ती घरी येत होती. तिनं सायकल रस्त्यात आडवी धरली होती आणि तिचं तोंड कानांपर्यंत लाल झालं होतं. मागं तिच्या त्याच मैत्रिणी उभ्या होत्या.

"थांबा ना काका, दिसून नाई राहिलं का?" ती त्या मोटरसायकलवाल्याला म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, दात आवळून, "चला ना बाबा लवकर. सगळे पाहून राहिले."

"लवकर नाई चालता येत," मी म्हणालो.

"मंग चला हळू."

ती सायकल तशीच आडवी धरून माझ्या बाजूनं सरकत राहिली, गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथून मैत्रिणी गेल्या की काय ते मी पाहिलं नाही. त्या काळी फोनमध्ये फोटो निघत नव्हते, हे माझं नशीब. घरी आल्यावर तिनं सायकल लावली आणि आत जाऊन रडली. मी बाहेर पिल्लं मोजत होतो. वहिनीकडे मेलेलं सोडलं तर एकही कमी नव्हतं. वडील म्हणून जे सांगायचं असतं ते सगळं मला त्या वेळी खोटं वाटलं. रात्री बायको आली, तिला सगळं वाटेतच कळलं होतं. तिनं आम्हा दोघांना जेवायला वाढलं आणि दिवसभरात उपकेंद्रात काय काय झालं ते नेहमीपेक्षा जास्त वेळ सांगत बसली.

पुढं पिल्लं वाढली. एक घारीनं नेलं, एकाची मान वाकडी होऊन ते आजारानं गेलं. उरलेल्यांना पिसं आली, शेपट्या फुटल्या, दोघांना तुरे दिसू लागले. पावसाळ्याच्या तोंडाशी मला मोहाडीकडच्या एका राईस मिलमध्ये काम लागलं. कामावर जायच्या आदल्या सकाळी मी अंगणात कणी घेऊन उभा राहिलो आणि आवाज दिला. कोणी आलं नाही. ती सगळी कुंपणापलीकडच्या उकिरड्यावर होती, उकरत होती, एकमेकांना हुसकत होती. एकीनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा उकरू लागली. मी पुन्हा आवाज दिला, जरा मोठ्यानं.

मला वाईट वाटलं. आणि शेजारची आजी भिंतीपलीकडे भांडी घासत होती, तिनं ऐकलं असेल या विचारानं मी कणी तिथंच जमिनीवर टाकली आणि आत गेलो.